तिची स्वतःची खुशाली



मी सातवीपर्यंत शिकलेली. बोलण्यात काही उणेअधिक झाल्यास सांभाळून घ्यावे.

कृष्णाबाईच्या उत्सवाला माहेरवाशिणी वाईला येतात. त्या निमित्ताने यंदा आमच्या वर्गातल्या नऊजणी घाटावर जमलो. कुणी हळदीच्या वखारीत कामाला जाते, कुणी आशा सेविका आहे, कुणी सासू झाली आहे. मुलांची शिक्षणे, सासऱ्यांची आजारपणे, यजमानांच्या नोकऱ्या, सारे विचारून झाले. मग एकीने विचारले, "अगं, पण तुझं स्वतःचं काय?" आम्ही सगळ्या गप्प!

आमच्या गावात मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींसारखे विद्वान येथे राहिले. त्याच गावात आम्हां सहाजणींची दप्तरे सातवीनंतर खुंटीला लागली ती लागलीच.

हा प्रश्न विचारणारी मैत्रीण खाणावळीत पोळ्या लाटते. तिने १७ नंबरचा फॉर्म भरला आणि बेचाळिसाव्या वर्षी ती दहावी पास झाली. शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायची ही सोय आहे. सातवी झालेलीलाही बसता येते. यंदा मीही फॉर्म भरणार आहे.

तेव्हा भगिनींनो, हळदीकुंकवात जुनी मैत्रीण भेटली, की घरच्यांबरोबर तिचीही खुशाली विचारा. आणि अध्यक्षबाईंना विनंती, की मंडळाची ही खोली दुपारी दोन तास अभ्यासाला द्यावी. सतरंजी आम्ही आणू.