चतुराचे घर बुजवू नका
(उचगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)

 

पाऊस ओसरला की उसाच्या पाटावर, विहिरीच्या काठावर चतुर उडू लागतात. मुले त्यांच्या शेपटीला दोरा बांधून खेळतात. आज मी या चतुराची आणि त्याच्या नाजूक बहिणीची, टाचणीची, वकिली करायला उभा आहे. पंख पसरून बसतो तो चतुर, बहुधा पंख मिटून बसते ती टाचणी.

आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात शंतनू जोशी व दत्तप्रसाद सावंत या अभ्यासकांना पाणथळीत राहणारी एक टाचणी आढळली. २०१९ साली तिची नवी जात म्हणून नोंद झाली. नाव सेरियाग्रिऑन क्रोमोथोरॅक्स. ती पाणथळ कोणी आधीच मुरूम टाकून सपाट केली असती तर? नाव मिळण्यापूर्वीच तिथली टाचणी नाहीशी झाली असती.

या जिवांचे बालपण पाण्यात जाते. टाचणीची मादी पाणवनस्पतींच्या देठात अंडी घालते. पिल्लाला पंख नसतात. खालचा ओठ हातासारखा पुढे फेकून ते भक्ष्य पकडते. वाढ पुरी झाली की गवताच्या काडीवर चढून कात टाकते आणि उडते. म्हणून तळ्याचे सारे गवत एकदम उपटले, काठ सिमेंटने बांधला, तर पुढची पिढीच खुंटते.

पालक म्हणतील, पाणी साचले की डास आले. परंतु डेंग्यूचा डास वाढतो तो मुख्यतः उघड्या पिंपात, जुन्या टायरात, कुंडीखालच्या ताटलीत. तळ्यात मात्र चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या खातात. तेव्हा पिंप आठवड्याला कोरडे करा आणि तळे राखा.

कुराण शरीफात मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाने सूरा आहेत: नहल, नमल आणि अनकबूत. लहान जिवाकडे पाहून विचार करावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

विद्यार्थी मित्रहो, दोरा सोडा आणि वही घ्या. दिसलेल्या चतुराचा रंग, जागा आणि तारीख लिहा. पालकांनो, पाणथळ बुजवण्याचा विषय गावच्या सभेत निघाला, तर मुलांची ती वही सोबत घेऊन जा. तिथे काय जगते हे सांगणारा एक तरी माणूस सभेत असला पाहिजे.

खुदा हाफिज.