खेळ विकत घेतला, पण कुणाचा झाला?

१९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका कादंबरीच्या किमतीवरून वाद गेला होता. प्रकाशकाने ‘द कास्टअवे’च्या आत छापूनच टाकलं होतं, की एक डॉलरहून कमी किमतीला कुणी ही विकली तर तो कॉपीराइटचा भंग. मेसीज दुकानाने ती बिनदिक्कत ८९ सेंटला विकली. न्यायालय दुकानाच्या बाजूने उभं राहिलं. प्रत एकदा विकली, की तिच्या पुढच्या विक्रीवरचा तुमचा हक्क संपला.

व्हिडिओ गेम डिस्कवर मिळायचे तोवर हाच न्याय त्यांनाही होता. खेळून झाला की मित्राला द्या, नाही तर दुकानात परत करून वर थोडे पैसे घाला आणि दुसरा आणा. आता गेम डाउनलोड होतो आणि आपल्या पदरात पडतो तो फक्त परवाना. ‘स्टीम’ या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानाच्या करारात ते सरळ लिहिलंय. खातंही दुसऱ्याला विकता येत नाही. (करार वाचतो कोण म्हणा!) छापील पुस्तकात जी अट टिकली नाही, ती करारात मात्र घट्ट बसली.

फ्रान्समधल्या एका ग्राहक संघटनेने स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व कंपनीला कोर्टात खेचलं. २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टात ती जिंकली, २०२२ मध्ये अपिलात हरली. गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे, त्यात चित्रं आहेत, संगीत आहे. म्हणून सॉफ्टवेअरच्या फेरविक्रीचा नियम त्याला लागू नाही, असं ठरलं. मला हे काही पटलेलं नाही. संगीताच्या कॅसेटी आपण विकतच होतो की!

विकणं सोडा, खेळण्याचीही खात्री नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम २०१४ मध्ये आला. एकट्याने खेळायचा तरी कंपनीचा सर्व्हर लागायचा. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेला गेम निकामी झाला. पाठोपाठ अनेकांचे परवानेही काढून घेतले गेले. त्यातून रॉस स्कॉट या यूट्यूबरने मोहीम उभारली. सर्व्हर बंद करा, पण गेम चालता ठेवून जा, एवढीच तिची मागणी. युरोपात त्यावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू केला: परवानाच देत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा. कंपन्यांना हे स्वस्तात पडलं. पैसे भरायच्या पानावर एक ओळ वाढवली, की काम झालं.

‘गॉग’ नावाचं दुकान मात्र गेमची फाइल आपल्या डिस्कवर उतरवून ठेवू देतं. उद्या ते दुकान बंद पडलं तरी ती चालेल. पण ती दुसऱ्याला विकायची मुभा तिथेही नाही.