रस्ता आधी कागदावर
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, बीआरटीवर पाच मिनिटं बोला. विषय आपल्या सातारा रस्त्याचा, तेव्हा पाच मिनिटांत आवरेल का, शंकाच आहे.

पुण्यात बीआरटी डिसेंबर 2006 मध्ये आली, कात्रज-स्वारगेट-हडपसर. देशात पहिली! पैसा केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून. निम्मा केंद्राचा, 20 टक्के राज्याचा, उरलेला महापालिकेचा. त्यात काँक्रीट झालं. माणूस थांब्यापर्यंत पोचणार कसा, हे मात्र मागे राहिलं. थांबे रस्त्याच्या मधोमध, आणि तिथं जायचं धावत्या गाड्यांमधून. आपल्या ज्येष्ठांना विचारा.

अहमदाबादची जनमार्ग 2009 ला सुरू झाली. आराखड्याचं काम तिथल्या सेप्ट विद्यापीठाकडे दिलं होतं. फलाट आणि बस एका उंचीवर, तिकीट स्थानकातच. दार उघडलं की सरळ आत.

आपल्याकडे डिझाइनला पैसे मागितले की ऐकायला मिळतं, 'कागदावर कशाला खर्च?' अहो, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगलासुद्धा आपण आधी इंजिनिअरची फी देतो!

आता स्वारगेटला मेट्रो, एसटी, पीएमपी, रिक्षा, सगळंच आहे. मेट्रो पुढे कात्रजपर्यंत यायचीय. बसमधून उतरून मेट्रोत जाताना जिने किती, चालायचं किती, हे आत्ताच ठरायला हवं.

महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना घेते. अख्खा बीआरटी मार्ग त्यात बसणार नाही. पण गेटसमोर रस्ता ओलांडायची नीट सोय, एवढं मागता येतं. सूचनेचे फॉर्म सोसायटीच्या ऑफिसात ठेवलेत. रविवारपर्यंत भरून द्या.