मायेला वेळ लागतो



आपल्या शिक्षक मेळाव्यात प्रेमाचा विषय निघाला की साने गुरुजींचं नाव येतं, डोळे पाणावतात आणि दुसऱ्या दिवशी शाळा होती तशीच भरते. मला गुरुजींच्या अश्रूंविषयी नाही, त्यांच्या कष्टांविषयी बोलायचं आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहही त्यांच्याकडेच होतं. तिथल्या मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढत. दिवसभर शिकवायचं, मुलांचे कपडे-अंथरुणं पाहायची आणि वर त्यांच्यासाठी रोज नवा मजकूर लिहायचा! माया म्हणतात ती ही. ती वेळ खाते, अंग मोडून काम मागते.

बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची मायाही अशीच. त्या १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला वारली मुलांमध्ये राहिल्या. तिथली पोरं गुरं राखायला रानात जायची, मग शाळेच्या वेळेला येणार कशी? हजेरीपटावर 'गैरहजर' मांडून मोकळं होता आलं असतं. या दोघींनी शाळाच कुरणात नेली. गुरं चरताहेत आणि पोरं तिथेच शिकताहेत. कुरणशाळेचा हा प्रयोग मला अभ्यासक्रमातला फार मोठा विचार वाटतो. मुलाचा दिवस कसा जातो हे आधी पाहिलं आणि मग वेळापत्रक आखलं.

आज आपण काय करतो? मूल्यशिक्षणाच्या तासाला प्रेमावर गोष्ट सांगतो आणि पुढच्याच तासाला पहिलीतलं मूल घरची बोली बोललं की 'नीट बोल' म्हणून त्याला गप्प बसवतो. ज्या आजीने त्याला भाषा दिली, तीच त्या क्षणी चुकीची ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. अभ्यासक्रमाने मुलाला भयमुक्त करावं, असं कलम २९ सांगतं. छडी बऱ्याच वर्गांतून गेली, पण पाणउतारा अजून गेलेला नाही.

आणखी एक गोष्ट बोललंच पाहिजे. तिसरीतल्या एखाद्या मुलाची वही उघडा. अक्षर सुबक, फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं, खाली आपला 'छान' असा शेरा. आता त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून त्याला वाचायला सांगा. मूल आपल्या तोंडाकडे बघत राहतं. इथे बसलेल्या प्रत्येकाने हे पाहिलं आहे. तो 'छान' प्रेमापोटी लिहिलेला नसतो, वह्यांचा गठ्ठा संपवायचा असतो म्हणून लिहिलेला असतो. त्या मुलाजवळ बसून त्याचं कोणतं अक्षर अडतं हे शोधणं, हे खरं प्रेम. ऊसतोडीला गेलेलं पोर हंगाम संपवून परततं, तेव्हा त्याचं नेमकं काय राहिलं हे बाईंना ठाऊक असणं, हेही प्रेमच.

हा वेळ आणायचा कुठून, असं तुम्ही विचाराल, आणि तुमचं बरोबर आहे. माहिती भरा, फोटो टाका, याद्या तपासा, यातच शाळेचा दिवस सरतो. जिथे दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तिथे एखाद्या मुलाजवळ बसणार कोण? शिक्षकाने प्रेमळ व्हावं असं सांगणाऱ्यांनी आधी त्याला मुलांजवळ राहू द्यावं.

म्हणून या मेळाव्याच्या खुल्या अधिवेशनात मी दोन मागण्यांचा ठराव मांडणार आहे. पहिली-दुसरीला दोन्ही वर्षं एकच शिक्षक असावा आणि त्याच्याकडे शिकवण्याबाहेरचं एकही काम नसावं. रोजच्या वेळापत्रकात एक तासिका अशी असावी, जिच्यात धडा पुढे सरकणार नाही, मागे राहिलेल्या मुलांशेजारी बसून शिकवलं जाईल. ठरावाला अनुमोदन द्यायला पहिलीला शिकवणाऱ्या एखाद्या ताईंनीच उभं राहावं, अशी माझी विनंती आहे.