पडद्यावरील सहल आणि घाटातील खडक



महाबळेश्वर, लोणार, पाचगणी ही नावे शालेय सहलींच्या यादीत वर्षानुवर्षे आढळतात. फोंडाघाटासारख्या गावातील किती विद्यार्थ्यांना ही सारी स्थळे प्रत्यक्ष पाहावयास मिळतात, हा प्रश्न निराळा. आता उपग्रहचित्रांच्या साह्याने ही सहल वर्गातच घडविता येते. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झाले. गूगल अर्थ त्याआधी, २००५ मध्ये आले.

खर्च वाचतो, एवढाच यातील लाभ नव्हे. लोणारच्या काठावरील मुलाला झाडी व पाणी दिसते; वरून पाहणाऱ्यास सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे जवळजवळ वर्तुळाकार विवर दिसते, आणि आकाशातून आलेल्या पाषाणाचा आघात म्हणजे काय, हे त्याला सहज उमगते. महाबळेश्वरी आर्थर सीटसमोरील कड्यांत लाव्हारसाचे थर एकावर एक रचलेले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे हे थर पडद्यावर एकेक करून मोजता येतात. बसमधून उतरलेल्या मुलांना तेवढी उसंत कोठून मिळणार? सहलीच्या छायाचित्रांत तर कड्यापेक्षा माणसेच अधिक असतात!

मात्र दगडाचे वजन पडद्यावर कळत नाही. यास्तव या सहलीचा आरंभ फोंडाघाटातच व्हावा. देवगड-निपाणी मार्ग येथे सह्याद्री चढतो. वर राधानगरीकडील सड्यांवर जांभा, घाटात बेसाल्टचा काळा कातळ आणि पायथ्याशी फोंडा-कासार्डे परिसरात सिलिका वाळू देणारे कलादगी गटाचे खडक, वयाने त्या कातळाहून कितीतरी पुरातन. या तिन्हींचा एकेक तुकडा वर्गातील मेजावर ठेवावा. पडद्यावर पाचगणीचे पठार आले की मुलाने जांभा हाती घ्यावा, आर्थर सीट आले की काळा दगड. बुकानन याने १८०७ मध्ये जांभ्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते विटेच्या लॅटिन शब्दावरून. चिऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलास त्याचे मर्म सांगावे लागणार नाही.

पंचायत सदस्यांनीही या पाठाकडे लक्ष द्यावे, असे कारण आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी रायगड जिल्ह्यातील तळिये दरडीखाली गेले. तीव्र उतारावर कठीण कातळावर झिजलेल्या दगडमातीचा थर असतो. अतिवृष्टीत पाणी त्यात मुरते, थर जड होतो, त्याची पकड सुटते. उतारावरील नव्या भेगा, कलणारी झाडे, एकाएकी गढूळ झालेला झरा ही त्याची पूर्वचिन्हे होत. गूगल अर्थवर एकाच जागेची निरनिराळ्या वर्षांची चित्रे ताडून पाहता येतात. माळीणचा डोंगर तसा पाहून झाल्यावर विद्यार्थ्यांनी आपल्या वाडीचा उतार शोधावा. त्यावरील घरे, ओहोळ, रस्त्यासाठी वा चिरेखाणीसाठी तोडलेली कड कागदावर उतरवावी, आणि शिक्षकांसमवेत तेथे जाऊन पडताळावी. तो नकाशा पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत मांडता येईल.