फटफटीचा आवाज

मराठींत मोटारसायकलीला जें जुनें नांव पडलें तें तिच्या वेगावरून पडलें नाहीं, कीं रूपावरूनहि पडलें नाहीं. तें पडलें तिच्या आवाजावरून. 'फटफटी' हा शब्द उच्चारला कीं यंत्र कानांत सुरू होतें. हें नांव गाडीवर बसलेल्या माणसानें दिलें नसावें. रस्त्याच्या कडेला उभें राहून ऐकणारानें दिलें असावें. चालविणाराचा कान आणि वाटेवरच्या माणसाचा कान यांत मोठें अंतर आहे, आणि लांबच्या सफरीच्या गाडीसाठीं सायलेन्सर निवडतांना नेमकें हेंच अंतर विसरलें जातें.

दिवेआगरचें उदाहरण घ्यावें. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यांतलें हें समुद्रकांठचें गांव. १९९७ सालीं येथल्या एका सुपारीच्या वाडींत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सांपडला आणि गांवाचें नांव घरोघर झालें. आतां शनिवार-रविवारीं पुण्याहून ताम्हिणी घाटानें आणि मुंबईहून माणगांव-म्हसळ्याच्या वाटेनें मोटारसायकलींचे तांडे येथें उतरतात. घाट, रान, आणि शेवटीं शेखाडीवरून श्रीवर्धनकडे जाणारा समुद्रालगतचा रस्ता. ही सफर कोणासहि मोह पाडील अशीच आहे. येणारांवर रागावण्याचें कारण नाहीं, त्यांच्यामुळें गांवांतल्या कित्येक घरांना चार पैसे मिळतात. परंतु गांवांतल्या वाटा अरुंद, दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे गडगे, त्यांच्याआड वाड्या आणि वाड्यांत घरें. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं सुरूच्या झाडांपलीकडून समुद्राची गाज ऐकूं येते. अशा वेळीं पुंगळी काढलेली एक गाडी त्या वाटेनें गेली, कीं पाळण्यांतलें मूल दचकून उठतें, आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची झोप जी मोडते ती पुन्हां लागत नाहीं.

वाडीची झाडी आवाज गिळते अशी एक समजूत आहे. ती फारशी खरी नाहीं. झाडांचा चांगला रुंद पट्टा असला तरी आवाज थोडकाच कमी होतो. त्यांतून सुपारी म्हणजे सडसडीत खांब, वर पानांचा झुबका आणि खालीं, कानाच्या उंचीवर, बहुतेक मोकळी जागा.

आवाज मोजण्याचें डेसिबेल हें मापहि फसवें आहे. तें फुटपट्टीसारखें सरळ चढत नाहीं. तीन डेसिबेल वाढले कीं ध्वनीची शक्ति दुप्पट होते, दहा वाढले कीं दसपट. कानाला मात्र ती दसपट वाढ सुमारें दुप्पट भासते. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबेलनीं उतरतो. भारतांत २००५ सालापासून लागू झालेल्या मर्यादेप्रमाणें १७५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकीचा आवाज ८० डेसिबेलपर्यंत चालतो, आणि तो साडेसात मीटरांवरून, गाडी वेग घेत जात असतां मोजावयाचा असतो. म्हणजे तीस मीटरांवर ६८ आणि साठ मीटरांवर ६२. निवासी भागासाठीं २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे. ती सरासरी आवाजाची आहे, एकेका गाडीची नव्हे, हें खरें. तरी नियमांत बसणारी गाडीसुद्धां निजलेल्या गांवाला किती जड जाते याची कल्पना त्यावरून यावी. आतां पुंगळी काढून तीच गाडी दहा डेसिबेलनीं मोठी केली असें समजा. पूर्वीं साठ मीटरांवर जेवढा आवाज पडे, तेवढा आतां जवळजवळ एकशें नव्वद मीटरांवर पडेल. त्या आवाजाच्या कक्षेंत येणारें क्षेत्र दसपट झालें. चालविणाराला गाडी थोडी भारदस्त वाटली, एवढेंच. गांवाच्या हिशेबीं दहा घरांचा प्रश्न शंभर घरांचा झाला.

चालविणाराला हें कळत नाहीं, कारण त्याचा सायलेन्सर त्याच्या मागें असतो आणि कानांत वारा भरलेला असतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आंत वाऱ्याचाच आवाज बहुधा ९० डेसिबेलच्या वर जातो. कामगारांच्या आरोग्यासाठीं अमेरिकेंतील सरकारी संस्थेनें घालून दिलेला दंडक असा, कीं ८५ डेसिबेल आठ तास सोसावे आणि पुढें दर तीन डेसिबेलला वेळ निम्मा करावा. त्या मानानें ९४ डेसिबेल एकच तास. मुंबईहून दिवेआगरला पोहोंचावयास चार-पांच तास सहज लागतात. महामार्गावर शांत सायलेन्सरानें कान वांचतात असें म्हणतां येत नाहीं; तेथें कानांत बोळे घालणें हाच उपाय. त्याचा खरा उपयोग घाटांत, गांवांत, मंद गतीनें जातांना. दिवसभर डोक्यांत घुमणारी ती खोल घरघर कमी झाली तर संध्याकाळीं उतरल्यावर माणूस माणसांत असतो, हें लांबचा प्रवास केलेल्या कोणासहि पटेल.

हा आवाज येतो कोठून? इंजिनांत स्फोट झाल्यावर तप्त वायु दाबानिशीं नळींत फेंकला जातो. त्या धक्क्यांची माळ म्हणजे हा आवाज. एका सिलिंडरचें चौघाती इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला पंचवीस धक्के बसतात. हा ध्वनि अतिशय खोल. भिंती-दारें त्याला अडवूं शकत नाहींत. मिल्टन रीव्ह्ज व त्याचा भाऊ मार्शल या अमेरिकनांनीं १८९७ सालीं यावर उपाय म्हणून धूर सोडण्याच्या नळीवर बसवावयाच्या साधनाचें पेटंट घेतलें. पुढें बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिमनेंहि इंजिनांकडे लक्ष वळविलें. त्याचा बाप मशीनगन करणारा मॅक्सिम! बापानें जगाच्या कानठळ्या बसविल्या आणि मुलगा त्या उतरवीत बसला.

सायलेन्सराच्या पोटांत दोन युक्त्या असतात. एकींत पत्र्याचे कप्पे करून ध्वनीच्या लाटा एकमेकींवर आपटवितात. खोल आवाज या रीतीनें मारला जातो. दुसरींत छिद्रें पाडलेल्या नळीभोंवतीं काचेची लोकर भरतात. तिनें कर्कश, तीक्ष्ण आवाज शोषला जातो. यावरून एक गोष्ट निघते. पोट लहान असलेला आंखूड, सरळ सायलेन्सर खोल आवाज दाबूं शकत नाहीं, मग विकणारा कांहींहि सांगो. कारखान्याचा मूळ सायलेन्सर बोजड दिसतो तो उगाच नव्हे. म्हणून ज्यास शांत गाडी हवी त्यानें प्रथम मूळ नगच तपासावा. इंजिनाशीं जोडणाऱ्या नळीचें गॅस्केट फुटलें आहे काय, डागाच्या जागीं गंजून भोंक पडलें आहे काय? हें पुष्कळदां शंभर-दोनशें रुपयांचें काम निघतें. सेकंडहँड गाडीवर आधींच फटाके फोडणारा सायलेन्सर असेल, तर कंपनीचा मूळ नग परत बसविणें हाच बहुधा सर्वांत शांत आणि सर्वांत स्वस्त मार्ग.

तरीहि बाहेरचा घ्यावयाचा असेल, तर आंकडा कसा मोजला तें विचारावें. उभ्या गाडीचा आवाज नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरावर मोजतात, धांवत्या गाडीचा साडेसात मीटरांवर. हे दोन आंकडे शेजारीं मांडून तुलना करणें म्हणजे शेरांत मापलेलें तेल गजांत मापलेल्या कापडाशीं ताडून पाहणें. दुसरें, तो आंकडा पुंगळी बसवून काढला कीं काढून टाकून, हेंहि विचारावें. युरोपांत मान्यता मिळालेल्या नगावर ई हें रोमन अक्षर वर्तुळांत कोरलेलें असतें. तें पुंगळीसह मान्य असतें, पुंगळीविना नव्हे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नळींतच बसविलेला असतो. तो काढावा लागेल असा सायलेन्सर घेऊं नये. शिवाय इंजेक्शनच्या गाडींत नळी मोकळी केली तर इंधनाचें मिश्रण पातळ पडून उताराला थ्रॉटल सोडतांच फटाके फुटूं लागतात.

कोंकणांत आणखी एक शत्रु आहे, खारी हवा. साध्या लोखंडाचा सायलेन्सर येथें लवकर गंजतो, आणि तो केवळ बाहेरून नव्हे, आंतूनहि. इंजिन नीट तापण्यापूर्वींच गाडी बंद केली तर धुरांतलें पाणी आंतच साठतें. चांगल्या स्टेनलेस पोलादाचा नग महाग पडतो, पण टिकतो. काचेची लोकरहि जळून झिजते, आणि जसजशी झिजते तसतसा आवाज चढतो. हा चढ इतका हळू होतो, कीं मालकाच्या ध्यानांत येत नाहीं, शेजाऱ्याच्या येतो.

कायद्याची बाजू थोडक्यांत. मोटार वाहन नियमांनीं प्रत्येक गाडीला सायलेन्सर सक्तीचा केला आहे, आणि १९८८ च्या कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर आवाजाची मर्यादा मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

निवड झाल्यावर तिची परीक्षा दुकानांत करूं नये; तेथें रहदारीच्या गजबजाटांत सगळेच सायलेन्सर शांत वाटतात. ती दिवेआगरांत करावी. संध्याकाळीं, दहा वाजण्यापूर्वीं, एखाद्या ओळखीच्या वाडींत परवानगी घेऊन गडग्याच्या आंत तीस पावलांवर मालकानें स्वतः उभें राहावें, आणि गाडी मित्राला चालवावयास देऊन वाटेनें एकदां वरच्या गिअरमध्यें हळूहळू व एकदां खालच्या गिअरमध्यें पीळ देऊन न्यावयास सांगावें. गाडी दूर गेल्यावर समुद्राची गाज पुन्हां किती वेळानें ऐकूं येते, तें घड्याळ लावून पाहावें.