गाळणीची परीक्षा



तेरखेड्याचे नाव काढताच बाहेरगावच्या मनुष्यास फटाके आठवतात. आम्ही आज बोलणार आहोत ते मात्र पाण्याविषयी. संस्थेच्या निधीतून गावात शुद्ध पाण्याचे यंत्र बसवावे, असा ठराव आपणांपुढे आला आहे. हेतू स्तुत्य आहे. आमचे म्हणणे इतकेच, की यंत्र विकत घेण्यापूर्वी त्याची आपल्याच पाण्यावर परीक्षा व्हावी.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले, हे आपणांस स्मरत असेलच. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कोअलिंगा या गावीही एके काळी पिण्याचे पाणी आगगाडीनेच येई. कारण तेथील भूगर्भातले पाणी खारे. त्या गावी १९६५ साली दाबाने पडद्यातून पाणी दवडून क्षार वेगळे करणारे छोटे यंत्र उभे राहिले. रोजचे पाणी सुमारे ५ हजार गॅलन, म्हणजे आपले दोन टँकर! हा पडदा सिडनी लोब आणि मूळचे आपल्याच देशातील श्रीनिवास सौरिराजन यांनी सिद्ध केलेला.

परंतु सर्वच पडदे सारखे नव्हेत. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या पडद्याची छिद्रे मायक्रॉनच्या शंभराव्या हिश्शाइतकी बारीक. पटकीचा जंतू त्याहून पुष्कळ मोठा, म्हणून तो अडकतो. भाभा अणुसंशोधन केंद्राने विजेवाचून चालणारी अशी घरगुती गाळणी तयार केली आहे. तथापि विरघळलेले क्षार, फ्लोराइड, नायट्रेट तिच्यातून पार होतात. त्यांस आर.ओ.चा पडदा हवा, आणि त्यात बरेच पाणी बाहेर टाकावे लागते. आमच्या घरच्या यंत्राखाली आम्ही एकदा बादली ठेवून पाहिली. एक तांब्या भरेपर्यंत तीन तांबे मोरीत! तेही ऐन मे महिन्यात. (आमच्या मंडळींनी तेव्हापासून ते पाणी भांड्यांस लावले, हे सांगितलेच पाहिजे.) आणखी एक. आपल्या टाकीत टी.सी.एल. पावडर पडते; आर.ओ.चे हल्लीचे बहुतेक पडदे क्लोरिनने खराब होतात. हे विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही.

शेजारच्या एका गावी असेच यंत्र मोठ्या समारंभाने बसले. दोन पावसाळ्यांत पडदा चोंदला, नवा आणण्यास पैसा उरला नव्हता. आज तेथे उद्घाटनाची पाटी तेवढी शाबूत आहे. त्या वर्गणीत आमचेही पैसे होते, म्हणून जरा कडवटपणे बोलतो, क्षमा असावी.

तस्मात् प्रथम प्रयोगशाळेकडून पाणी तपासून घ्यावे. क्षारांचा दोष नसेल तर आर.ओ.चा खर्च कशास? मग योग्य पडद्याचे लहानसे यंत्र वर्षभर चालवावे. आषाढातले गढूळ पाणी आणि वैशाखातले तळाचे पाणी, दोन्ही त्यातून गेली पाहिजेत. पडद्यावर गाळ बसला की तेवढेच पाणी गाळण्यास अधिक दाब लागतो. अल्ट्राफिल्ट्रेशनचा पडदा उलट्या प्रवाहाने धुता येतो. धुतल्यावर दाब पूर्ववत होतो काय, हे रोज लिहावे. पडदा फाटला आहे काय, हे हवा भरून कळते. हवेचा दाब झपाट्याने उतरला तर कोठेतरी भोक आहे.

ठराव एक वर्ष पुढे ढकलावा, अशी आमची सूचना आहे. दाबाची नोंदवही आम्ही ठेवू. ३५ वर्षे हजेरीपट लिहिला आहे. रोज सकाळी टाकीपर्यंत जाणे आम्हांस जड नाही.